नरोलीचे कागद कुठे सापडतील?

प्रश्न : आम्ही नगर हवेलीतल्या नरोलीचे. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी गावाचा जुना इतिहास हवा आहे. मोठ्या ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत आमच्या भागाविषयी काय मिळेल? सनदांखेरीज तिथे आणखी काय जपलेलं असतं?

उत्तर : सुरुवात सनदांपासूनच करावी लागेल, कारण तुमच्या गावाचा प्रश्न एकदा त्यांच्यावरून थेट हेगपर्यंत पोचला होता. १७७९च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं देण्याचं कबूल केलं आणि १७८३ व १७८५मध्ये त्याच्या सनदा झाल्या. नगर हवेलीबरोबर नरोलीही पोर्तुगीजांकडे गेली. जुलै १९५४च्या अखेरीस नरोली मुक्त झाली, पाठोपाठ २ ऑगस्टला सिल्वासा. पुढच्याच वर्षी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, दमणहून तुमच्या भागापर्यंत जायच्या वाटेच्या हक्कासाठी.

त्या खटल्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे मराठी कागद बारकाईने तपासले गेले. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की मराठ्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. राज्य तोडून दिलेलं नव्हतं. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व मान्य झालं होतं, हेही निकालात आहे. वाटेचा हक्क साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना तो नव्हता.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. न्यायाधीशांनी नुसता १७७९चा तह वाचला नाही. मुलूख कायमचा देऊन टाकायचा असला की मराठे कशी कलमं घालत, हे त्यांनी मराठ्यांच्याच दुसऱ्या तहांवरून पडताळलं. नरोलीचं नावही नसलेल्या कागदांनी नरोलीविषयी साक्ष दिली! म्हणून संग्रहात सगळंच जपावं लागतं. कोणता कागद कधी उपयोगी पडेल, हे बांधून ठेवणाऱ्याला कळत नसतं.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर म्हणजे असे कोट्यवधी कागद, बहुतेक मोडीत, रुमालांत बांधलेले. रोजकीर्द, जमाखर्च, परगण्यांचे हिशेब, वतनाचे तंटे, खासगी पत्रं, सगळं त्यात आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. मोडी येत नसेल तर मुलीने तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी, म्हणजे पोर्तुगीजांची बाजू गोव्याच्या पुराभिलेखागारात आहे. ते १५९५मध्ये सुरू झालं आणि इतिहासकार दियोगो द कौतो हे त्याचे पहिले रक्षक. लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर जहाजं ये-जा करत. त्यांच्यातून गेलेल्या-आलेल्या सरकारी पत्रांचे बांधीव ग्रंथ तिथे आहेत. गावकरी, म्हणजे गोव्यातल्या ग्रामसंस्था, यांच्या जुन्या वह्याही आहेत. पां. स. पिसुर्लेकर यांनी हयातभर हे कागद चाळून पोर्तुगीज-मराठे संबंधांवर लिहिलं. पोर्तुगीज न येणाऱ्या वाचकाला त्यांच्याइतका दुसरा आधार नाही. पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२पासूनचं; जुनी वर्तमानपत्रं पाहायची असतील तर तिथे जावं.

पण पेशव्यांच्या हिशेबात गाव दिसतं ते वसुलापुरतं, आणि पोर्तुगीज पत्रात दिसतं ते कारभारापुरतं. तिथे राहणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांचं बोलणं या दोन्हींत क्वचितच उमटतं. त्यासाठी मुलीने गावातच फिरावं. शाळेचं जुनं हजेरीपत्रक, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका, १९५४ पाहिलेल्या आजी-आजोबांचं ध्वनिमुद्रण, हे सगळे दस्तऐवजच. घरात जुना कागद निघाला तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. त्या डिंकाने आणि उष्णतेने झालेलं नुकसान भरून येत नाही. सुती कापडात सपाट ठेवा, फोटो काढा आणि कागद कुणाकडे, कधी मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.