आजोबांचं गाव कुठल्या प्रांतात येतं?

बारावीचा निकाल लागला की पालक माझ्याकडे फाईल घेऊन येतात. गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट लावलेलं असतं. अशाच एका फाईलमध्ये अनुसूचित जातीचा दाखला होता. कुटुंब पिंपरी-चिंचवडचं, वडील कारखान्यात, मुलगी तिथेच जन्मलेली आणि वाढलेली. दाखला पुणे जिल्ह्यातल्या प्रांतांनी, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांनी, दिलेला. पण आजोबा नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले. पडताळणीत नेमकं तेच निघालं: दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याला तो देण्याचा अधिकारच नव्हता. जात खरी, कागद खरे, फक्त कचेरी चुकलेली. मुलगी अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या रांगेत आणि वडील नांदेडच्या गाडीत, अशी त्या घराची जूनमधली स्थिती होती.

हे टाळता येतं, आणि म्हणूनच मला त्याचा फार त्रास होतो. पालक चुकतात ते एका साध्या समजुतीमुळे. अधिवासाचा दाखला आपण राहतो तिथे मिळतो, उत्पन्नाचा दाखला आपल्या तहसीलमधून मिळतो, मग जातीचाही तिथेच मिळणार, असं कुणालाही वाटेल. पण अधिवास तुमच्याबद्दल विचारतो. तुम्ही महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिलात का, एवढंच. जातीचा दाखला तुमच्या आजोबा-पणजोबांबद्दल विचारतो. ठरलेल्या एका तारखेला ते कुठे राहत होते, हा त्याचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या तारखा अशा आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपल्या प्रवर्गाच्या तारखेला वडील, आजोबा किंवा पणजोबा ज्या गावात कायम राहत होते, ते गाव आज ज्या उपविभागीय अधिकाऱ्याच्या हद्दीत येतं, अर्ज त्या प्रांताकडे. कुटुंब त्यानंतर पुण्याला आलं, मुंबईला आलं, तरी मूळ गाव सुटत नाही.

‘आज’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो, कारण १९५० चा नकाशा आता नाही. किनवट तेव्हा हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राजुराही तिकडेच होतं, आज ते चंद्रपुरात आहे. चंदगड बेळगाव जिल्ह्यातून १९५६ मध्ये कोल्हापुरात आलं. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा भंडारा’ लिहिलं असेल आणि गाव आज गोंदियात असेल, तर भंडाऱ्याला हेलपाटा घालू नका. जुना जिल्हा कागदावर दिसला म्हणून घाबरूही नका. गाव तेच आहे, हद्द बदलली आहे.

लग्न झालेल्या मुलींबद्दल एक सांगून टाकतो. विवाहित स्त्रीचा दाखला तिच्या वडिलांच्या घराण्यावरून निघतो, सासरच्या नाही. लग्न होऊन कोल्हापूरला गेलेल्या मुलीला नोकरीसाठी दाखला हवा असेल तर तिने माहेरचं मूळ गाव शोधायचं.

आता राज्याची सीमा. इथे खरा गोंधळ आहे, आणि इथेच मी पालकांना सगळ्यात जास्त वेळ देतो. राज्यघटनेची ३४१ आणि ३४२ ही कलमं राष्ट्रपतींना जाती-जमातींची यादी करण्याचा अधिकार देतात, पण ती यादी ‘त्या राज्याच्या संदर्भात’ असते. बंजारा समाज पाहा. महाराष्ट्रात तो विमुक्त जाती अ, केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या यादीत इतर मागासवर्ग, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. तांडा तोच, बोली तीच, पाहुणे एकमेकांत, आणि नाव चार याद्यांत चार ठिकाणी. गोव्यातला कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहे. महाराष्ट्रातला कुणबी इतर मागासवर्गात.

म्हणून सावंतवाडीच्या कुणबी मुलाने गोव्यातल्या नातेवाइकाचा दाखला पाहून आपल्यालाही तसा मिळेल असं धरू नये. आणि तेलंगणातून १९८५ साली मुंबईला आलेल्या बंजारा कुटुंबातल्या मुलीने महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या जागांवरही आशा ठेवू नये. तिच्या वाट्याला मूळ राज्याच्या आणि केंद्राच्या जागा येतात. वैद्यकीयच्या पंधरा टक्के अखिल भारतीय कोट्यात आणि आयआयटीत तिला अनुसूचित जमातीचा लाभ मिळतो. महाराष्ट्राच्या पंच्याऐंशी टक्के कोट्यात मिळत नाही. हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये घट्ट केला, आणि तो खटला मुंबईतूनच गेला होता. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा एक मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर मुंबईला आला होता. त्याने सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की एका राज्यात जमातीला जे मागासपण भोगावं लागतं, ते दुसऱ्या राज्यात तसंच असेल असं धरता येत नाही. मला त्या मुलाबद्दल आजही वाईट वाटतं. तरी नियम तो आहे, आणि प्रवेशाच्या आधी तो माहीत असलेला बरा.

परराज्यातून आलेल्यांना महाराष्ट्रातही दाखला मिळू शकतो, पण तो वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्याच्या आधारावर आणि त्यावर मूळ राज्याचा उल्लेख करून. केंद्राच्या कामासाठी तो चालतो. उलट बाजूने, बेंगळुरूत किंवा इंदूरला वाढलेल्या मराठी मुलांनीही हेच लक्षात ठेवायचं: दाखला आजोबांच्या महाराष्ट्रातल्या गावाचा.

आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. यादीतल्या १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी विदर्भातल्या बऱ्याच जमातींना मान्यता फक्त काही तालुक्यांत होती: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. शेजारच्या तालुक्यात राहणारा सख्खा भाऊ यादीबाहेर होता. ते क्षेत्रबंधन नंतर निघालं. अशा भागाबाहेरच्या घरात १९७६ पूर्वीचा जमातीचा दाखला सापडला नाही, तर मुलाने स्वतःवर शंका घेऊ नये. तेव्हा तो मिळतच नव्हता. शाळेच्या रजिस्टरातली, महसुली कागदातली नोंद शोधावी. जमातीच्या चालीरीती सांगता आल्या की नाही, यावरच दावा उभा किंवा आडवा होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

दाखला हातात आला की अर्धंच काम झालं. महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्याप्रमाणे तो पडताळणी समितीने वैध ठरवल्यावरच पूर्ण होतो, आणि समितीही दाखला जिथून निघाला त्या जिल्ह्याचीच. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत, एकेका समितीकडे अनेक जिल्हे. पहिल्या पायरीला हद्द चुकली तर दुसरीही चुकते, ती अशी. प्रांतांनी अर्ज नाकारला तर अपिलाला तीस दिवस असतात. समितीचा निर्णय मात्र फक्त उच्च न्यायालयात नेता येतो. पुरावा देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. त्यामुळे ‘कुणीतरी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फाईल देऊ नका. खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते, आणि ती दलालापुरती थांबत नाही, नाव असलेल्या मुलालाही भोगावी लागते.

हे सगळं दहावीच्या सुट्टीत करा. अकरावीतही उशीर नाही. बारावीच्या मे महिन्यात प्रत्येक कचेरीत गर्दी असते. आधी वंशावळ लिहून काढा, वडिलांपासून पणजोबांपर्यंत, काका-आत्यांसह. मग गावच्या शाळेतून आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, आणि बहुतेक घरांत तसंच असतं, तर तहसीलमध्ये गाव नमुना १४ पाहा. त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदींत जात लिहिलेली असते. वडिलांकडच्या कुणा सख्ख्या नातेवाइकाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत मिळवा, तिचं वजन फार मोठं असतं. पिंपरीच्या त्या मुलीचा मार्ग शेवटी तिच्या आत्याने मोकळा केला. आत्या किनवटलाच राहते. लग्नाआधीच्या नावाचा शाळेचा दाखला तिने ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत जपून ठेवला होता.