जखमी पाखरू आणि आपला दासोह



पंचाचारांपैकी लिंगाचार, सदाचार, शिवाचार आणि गणाचार यांवर आपल्याकडे पुष्कळ निरूपण होते. शेवटचा भृत्याचार मात्र बहुधा एका वाक्यात आटोपतो. भृत्य म्हणजे सेवक; शिवभक्त थोर, मी त्यांचा सेवक, असे मानून नम्रपणे वागणे म्हणजे भृत्याचार, एवढे सांगून आपण पुढे जातो. व्याख्या बरोबरच आहे. पण थोरांपुढे वाकणे फारसे कठीण नसते, कारण तेथे आशीर्वादाची आशा असते. ज्याच्याकडून आशीर्वाद नाही, आभार नाहीत, ओळखसुद्धा मिळणार नाही, अशा जीवापुढे आपण सेवक होतो का, ही भृत्याचाराची खरी परीक्षा होय.

या परीक्षेसाठी आजच्या पाठात जखमी कबूतर घेऊ. मोर जखमी झाला तर गाव गोळा होतो. कबुतराचे तसे नाही. ते मठाच्या कमानीत, वाड्याच्या वळचणीला, इमारतीच्या सज्जात रोज दिसते, घाण करते, म्हणून आपण त्याला हुसकावतो. तेच पंख लोंबकळत रस्त्याच्या कडेला बसलेले दिसले तर ‘बिचारे!’ म्हणून पुढे जातो. ‘बिचारे’ म्हणणे ही दया नव्हे. महात्मा बसवेश्वरांनी दयेला धर्माचे मूळ मानले. मूळ जमिनीत राहून झाडाला पाणी पुरवते, म्हणजे काम करते. जी दया काम करत नाही, तिला मूळ कसे म्हणावे?

दोर आणि मांजा

पक्ष्यांवर सर्वांत मोठे संकट येते ते संक्रांतीच्या दिवसांत. वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या भक्तांना हे सांगावयास नको. त्यांच्या गच्च्यांवर त्या दिवशी आकाश दिसत नाही इतके पतंग असतात. मांजा म्हणजे सरस आणि काचेची पूड चोपडलेला दोरा. त्यात नायलॉनचा मांजा आला आणि अनर्थ वाढला, कारण तो तुटत नाही, कुजत नाही आणि उडत्या पाखराला दिसत नाही. पक्षी सकाळी चाऱ्याला निघतात आणि सायंकाळी परततात. नेमक्या त्याच वेळी पतंगांची गर्दी असते. दोरा पंखाच्या पुढच्या पातळ पडद्यात घुसतो, स्नायू आणि शिरा कापतो. सण संपल्यावरही तो झाडांवर, तारांवर महिनोन् महिने लटकत राहतो. शहरातल्या कित्येक कबुतरांची बोटे झडलेली दिसतात. तेही पुष्कळदा पायांत गुंतलेल्या दोऱ्याचे आणि केसांचेच काम असते.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. गुजरात सरकार २०१७ पासून संक्रांतीच्या सुमारास जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालवते. त्यात वन खाते, पशुवैद्य आणि स्वयंसेवी मंडळे एकत्र येतात. तरीही चोरून मांजा विकला जातो, आणि घेणाराही आपल्यातलाच कोणी असतो.

येथे आपल्याला शरण नुलिय चंदय्यांची आठवण व्हावी. गवत आणावे, त्याचा दोर वळावा, तो विकावा आणि आलेल्या द्रव्यातून जंगमदासोह करावा, हे त्यांचे कायक. त्यांचा दोर विहिरीतून पाणी काढी, गुरे बांधी, भारा आवळी. मांजासुद्धा दोरच आहे. पण एका दोराने संसार बांधला जातो आणि दुसऱ्याने गळा कापला जातो. कायक म्हणजे केवळ कष्ट नव्हेत. ज्या कष्टातून दुसऱ्या जीवाचा घात होतो, त्याला शरणांनी कायक म्हटले नसते. म्हणून मांजा करणे, विकणे आणि मुलांच्या हौसेखातर विकत घेणे, या तिन्ही गोष्टी शिवभक्ताला वर्ज्य समजाव्यात. मुलांना पतंग जरूर द्यावा, पण साध्या सुती दोऱ्याचा; आणि पहाटे व सायंकाळी आकाश पाखरांसाठी मोकळे सोडावे.

दयेला ज्ञान हवे

शरणांच्या मेळ्यात वैद्य संगण्णा होते. वैद्यकी हे त्यांचे कायक. रोग ओळखल्याशिवाय औषध देणारा वैद्य जसा घातक, तसा न जाणता दया करणाराही घातक ठरतो. जखमी पक्षी दिसताच आपण पहिले काम करतो ते त्याच्या चोचीत पाणी ओतण्याचे. त्यानेच पुष्कळ पक्षी दगावतात. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, ध्यानात ठेवाव्यात.

पक्ष्यावर हलकेच सुती कापड टाकून दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असे उचलावे. छाती दाबू नये. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीची हालचाल थांबली की श्वास थांबतो.

भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड अंथरून त्याला ठेवावे, झाकण लावावे आणि खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंधार आणि शांतता हे त्याचे पहिले औषध होय. पक्ष्याच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, म्हणून थंडीत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवावी. सारखे उघडून पाहू नये, हाताळू नये.

अंगात रुतलेला दोरा ओढू नये. लोंबणारा भाग कात्रीने कापून टाकावा आणि रुतलेला भाग पशुवैद्यावर सोपवावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापसाने जखमेवर थोडा वेळ हलका दाब द्यावा. हळद, तेल, मलम काही लावू नये. तेलाने पिसे चिकटतात. दूध, भात, पाव भरवू नये.

मांजराने धरलेले पाखरू वरून धडधाकट दिसले तरी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. मांजराच्या दातांतले जंतू रक्तात भिनतात आणि पक्षी एकदोन दिवसांत जातो. हाड मोडले असेल तरीही उशीर नको. पक्ष्याचे हाड दोनतीन आठवड्यांत सांधते. वाकडे सांधले तर उडणे कायमचे गेले.

पिवळट लव असलेले कबुतराचे पिल्लू घरट्यातून पडले असेल आणि घरटे हाताशी असेल तर ते परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकतात, हा समज खोटा आहे. चिमणी, बुलबुल, कावळा यांचे पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर उड्या मारत असेल तर बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याचे भय नसेल तर त्याला उचलू नये.

नंतर हात साबणाने धुवावेत आणि विष्ठा सुकी झाडू नये. एकाच ठिकाणी अनेक पक्षी अचानक मरून पडलेले दिसले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. घार, घुबड, मोर, पोपट हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना घरी ठेवून घेऊ नये. वन खात्याच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या स्वाधीन करावे.

पक्षिमित्रांचा दासोह

येथवर आपण करावयाचे झाले. त्यापुढचे काम पक्षिमित्र करतात. कोणी विद्यार्थी, कोणी रिक्षावाला, कोणी नोकरदार. दूरध्वनी आला की हातातले काम सोडून निघतात, झाडावर चढतात, तारेत अडकलेले पाखरू सोडवण्यासाठी अग्निशामक दलाच्या विनवण्या करतात. आपण खोके त्यांच्या दारात ठेवून पुण्य गाठीला बांधून निघून येतो. पुढे दिवसाचे दोनतीन वेळचे भरवणे, जखम धुणे, औषधाचे पैसे, पेट्रोल, जागेच्या मालकाची कुरकुर, हे सारे त्यांच्या वाट्याला. जे पाखरू पुन्हा उडणारच नाही ते तर त्यांच्याकडे जन्मभर राहते. एवढे करूनही पक्षी मेला तर त्यांनाच बोल लावणारे भेटतात. अशी माणसे दोनचार वर्षांत थकून काम सोडतात आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी येत नाही.

म्हणून दासोहाचा अर्थ पुन्हा समजून घ्यावा. ‘दासोऽहम्’, मी दास आहे, या भावनेने केलेले अर्पण म्हणजे दासोह. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. दासोहात देणारा स्वतः खाली बसतो. पक्षिमित्राला पावती फाडून शंभर रुपये दिले तर ते दान झाले. ‘मंगळवारी सकाळचे भरवणे मी करतो, तुम्ही विसावा घ्या,’ असे म्हटले तर तो दासोह झाला.

काय देता येईल? पुठ्ठ्याची खोकी, जुनी सुती चादर, वर्तमानपत्रांची रद्दी, ज्वारी, बाजरी, मूग, हरभरा. महिन्याचे औषधाचे बिल. संक्रांतीचे तीन दिवस एक दुचाकी आणि चालवणारा. दूरध्वनी घेऊन पत्ता नीट लिहून ठेवणारी एक गृहिणी. रिकामी पडलेली एक खोली. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून दासोह करीत. आपल्या घरातले सांडलेले, उरलेले, रिकामे जे असेल त्यावर एखाद्या पक्षिमित्राचे वर्ष निघेल.

शंका आणि समाधान

पहिली शंका: माणसे उपाशी असताना पाखरांवर खर्च कशाला? ही शंका विचारणारा माणसांवर किती खर्च करतो हे आधी पाहावे. दया वाटल्याने कमी होत नाही. जो पाखरासाठी थांबतो, तो माणसासाठीही थांबण्याची शक्यता जास्त. ज्याला न थांबण्याची सवय जडली, तो कोणासाठीच थांबत नाही.

दुसरी शंका: आम्ही रोज चौकात कबुतरांना दाणे टाकतो, ते पुरेसे नाही काय? चौकात पोतेच्या पोते दाणे टाकल्याने कबुतरांची संख्या भरमसाट वाढते. त्यांच्या सुक्या विष्ठेची धूळ शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जाऊन दुर्धर विकार होऊ शकतो. मुंबईत २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मोठा वाद झाला, तो याच कारणाने. एका जीवावर केलेली दया दुसऱ्याच्या छातीवर बसू नये. दाण्यांचे तेच पैसे जखमी पाखरांच्या औषधाला द्यावेत.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. घार, घुबड यांना मांस लागते. आपण शाकाहारी, मग त्यांच्या सेवेला पैसा द्यावा काय? दिल्लीतील एक हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. तेथे लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचा धर्मादाय दवाखाना आहे आणि त्याची सेवा मोठी आहे. पण मांसाहारी पक्षी ठेवून घेत नाहीत, असा तेथला नियम. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांनी तरुणपणी एक जखमी घार तेथे नेली, ती घेतली गेली नाही. पुढे त्यांनी आपल्या घरातच घारींची शुश्रूषा सुरू केली आणि हजारो घारी बऱ्या केल्या. त्यांच्यावरचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ साली जगभर गाजला.

दवाखान्याने आपले व्रत पाळले, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्यापुरते उत्तर आपणच शोधले पाहिजे. शाकाहार हे आपले व्रत आहे. व्रत घेणाऱ्यालाच बांधते. घारीने ते घेतलेले नाही. शिवाने तिला जी चोच दिली, तिचा जाब तिला विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. मठाच्या आवारात मांस शिजणार नाही, येणार नाही, हे ठरलेले आहे. परंतु घार दारात पडली तर तिला खोक्यात ठेवून योग्य ठिकाणी पोहोचवणे हे आपले काम. तिची सेवा करणाऱ्याला औषधासाठी पैसा दिला आणि त्याच्या त्याच पिशवीतून घारीचा आहारही आला, तर आपले व्रत मोडले असे समजू नये. हात झटकून ‘आम्ही शुद्ध राहिलो’ म्हणणे ही शुद्धी नव्हे. आणि सेवा करणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे तर विचारूच नये. समोर आलेल्याला परका न मानता आपल्या घरचा मानावा, ही बसवण्णांची शिकवण आपण सभेत तोंडपाठ म्हणतो. ती दारातही आठवावी.

सेवा आणि ‘मी’

शेवटी एक सावधगिरी. सोन्नलगीचे, म्हणजे आजच्या सोलापूरचे, सिद्धरामेश्वर थोर कर्मयोगी. त्यांनी खोदवलेल्या तळ्यावर माणसे, गुरे आणि पाखरे सारखीच तहान भागवीत. तरीही ‘शून्यसंपादने’त अल्लमप्रभू त्यांच्याकडे येतात ते स्तुती करण्यास नव्हे. तळे खोदणाऱ्यात ‘मी खोदले’ हा भाव उरला असेल तर तेच कर्म बंधन होते, हे ते सिद्धरामांना कठोर शब्दांत दाखवून देतात. तळे वाईट नव्हते; त्यात पडलेली ‘मी’ची सावली काढावयाची होती. आज पाखरू हातात घेऊन छायाचित्र काढण्याची घाई होते, त्या घाईत पाखराचे प्राण जातात. आधी खोके, मग दवाखाना. छायाचित्र नसले तरी शिवाला दिसते. आणि सर्व करूनही पाखरू मेले तर खचू नये. श्वास देणे आपल्या हाती नाही. त्याला एकटे न टाकणे आपल्या हाती आहे.

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात. यंदा त्या दिवसांत प्रत्येक भक्तगृहाने तीन गोष्टी कराव्यात. घरात नायलॉनचा मांजा येऊ देऊ नये. एक भोके पाडलेले खोके आणि जवळच्या पशुवैद्याचा व पक्षिमित्राचा दूरध्वनी क्रमांक दाराशी ठेवावा. आणि सण झाल्यावर मुलांना बरोबर घेऊन आपल्या गल्लीतल्या झाडांवरचा, कुंपणांवरचा लटकता दोरा काढून गुंडाळून टाकावा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नये. इष्टलिंगपूजेनंतरचा तो अर्धा तास पूजेचाच भाग समजावा.

शरणु शरणार्थी.