गेम कन्सोल का तापतो? – थर्मल पेस्ट आणि उष्णतेचा धडा



सुट्टी लागली की एक तक्रार हमखास कानावर येते. "गेम सुरू केला की मशीन नुसतं घोंघावतं, आणि अर्ध्या तासात आपोआप बंद!" मशीन बहुतेक वेळा सात-आठ वर्षं जुनं प्लेस्टेशन ४ असतं. कोणीतरी सांगतं, थर्मल पेस्ट बदला. मुलं व्हिडिओ पाहून स्क्रूड्रायव्हर घेऊन तयारच असतात. पण ही पेस्ट नेमकं करते काय, ते आधी पाहू.

कन्सोलमधली मुख्य चिप काम करताना तापते. तिच्यावर धातूचा हीटसिंक दाबून बसवलेला असतो. तो चिपची उष्णता घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. दोन्ही पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खाचखळगेच. दोन खडबडीत फरश्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या थोड्याच ठिकाणी टेकतात, बाकी मधे हवा. इथेही तसंच होतं.

आता आकडे पाहा. उष्णतावाहकता वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजली तर तांब्याची साधारण ४००, अ‍ॅल्युमिनियमची २०० च्या वर, चांगल्या पेस्टची ५ ते १० च्या दरम्यान आणि हवेची फक्त ०.०२५ च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण धातूपुढे अगदीच सामान्य. सगळी गोम इथेच आहे. पेस्टनं फक्त हवेची जागा घ्यायची. थर जाड झाला की तीच अडथळा बनते. "जास्त लावली की जास्त थंड" हा समज इथे मोडतो.

वर्गात हे दाखवायला कन्सोल लागत नाही. घरी आपण गरम दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतोच ना? दोन सारखे स्टीलचे पेले घ्या, दोन्हीत सारखंच गरम पाणी शिक्षकांनीच ओता. एक पेला रिकाम्या भांड्यात ठेवा, दुसरा साध्या पाण्याच्या भांड्यात. पाच मिनिटांनी थर्मामीटर लावा. हवा किती वाईट वाहक आहे, ते मुलं स्वतःच सांगतील. (पाणी भांड्यात फिरतं आणि बरीच उष्णता पोटात घेतं, म्हणून फरक जास्तच दिसतो. चौथीला हे सांगायची गरज नाही, आठवीला जरूर सांगा.)

पेस्ट बिघडते कशी? चिप रोज तापते, थंड होते, म्हणजे प्रसरण-आकुंचन चालूच. त्यात पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, वाळते, आणि मधे पुन्हा हवा शिरते.

तरीही पहिला हात धुळीला घाला. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. पंख्याची पाती बोटानं धरून ब्रश आणि ब्लोअर वापरा. हवेच्या झोतानं पंखा गरगर फिरू देऊ नका.

पेस्ट बदलायचीच असेल तर ते मोठ्या माणसाचं काम. वॉरंटी संपली का ते बघा, प्लग काढून ठेवा. आतला पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो. मुलांना स्क्रू सांभाळायला द्या. बर्फाच्या ट्रेत क्रमानं ठेवले की गोंधळ होत नाही. चपट्या पट्टीसारख्या केबल ओढू नका, सावकाश सोडवा. हीटसिंक चिकटला असेल तर उचकटू नका, हलकेच फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसा. मग तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट घेऊन चिपच्या चमकत्या भागावर सगळीकडे पातळ पसरा, कोपरे कोरडे ठेवू नका. क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, म्हणजे दाब सारखा पडतो. बाजूच्या छोट्या चिपवरचे मऊ पॅड तसेच राहू द्या. तिथली फट मोठी असते, पेस्टनं ती भरत नाही.

"सर, टूथपेस्ट चालेल का?" हा प्रश्न येणारच! ओली असेपर्यंत चालल्यासारखी वाटते, मग वाळते आणि हाल पहिल्यापेक्षा वाईट.

२०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ ला मात्र हे काहीच लागू नाही. त्यात पेस्टऐवजी गॅलियमयुक्त द्रवधातू आहे. तो विजेचा वाहक आहे. थेंब सर्किटवर सांडला तर बोर्डच जाऊ शकतो, आणि अ‍ॅल्युमिनियमला तो पोखरतो. बाहेरची झाकणं काढून धूळ साफ करा, तिथेच थांबा.

काम झाल्यावर तोच गेम तेवढाच वेळ लावा आणि पंख्याचा आवाज आधीसारखाच येतो का, ते मुलांना वहीत लिहायला सांगा. तरीही मशीन बंद पडत असेल तर पुन्हा पेस्ट लावत बसू नका. एक्सबॉक्स ३६० मध्ये तापण्या-थंडावण्याच्या ताणानं आतले सूक्ष्म जोडच तडकत होते. २००७ साली मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांची केली आणि १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च धरला. जोड तडकला असेल तर पेस्टचा उपयोग नाही, मशीन दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं लागतं.