धूमकेतू दिसला, मग फोटोत का नाही?

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू आम्हाला दुर्बिणीतून दिसला, पण फोटोत तो पुसट आला आणि तारे रेघांसारखे उमटले. पुढच्या वेळी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : धूमकेतूची जाहीर होणारी दृश्यप्रत ही त्याच्या एकूण प्रकाशाची असते. तो प्रकाश पसरलेला असल्याने तेवढ्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा धूमकेतू फिका दिसतो. शिवाय हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला, बराच खाली होता. संधिप्रकाश, धूळ आणि गावचे दिवे शेपटी गिळून टाकतात. म्हणून पश्चिम क्षितिज मोकळे असलेली काळोखी जागा शोधा.

रेघा पृथ्वीच्या फिरण्यामुळे येतात. ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण तितकेच सेकंद शटर उघडे ठेवा. म्हणजे ५० मिमी लेन्सला १० सेकंद. लहान सेन्सरवर ६. ट्रायपॉड आणि टायमर वापरा, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा, फोकस ठळक ताऱ्यावर हाताने जुळवा. असे वीस-तीस फोटो सॉफ्टवेअरने एकत्र केल्यास शेपटी उठून दिसते. ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, त्यामुळे फ्रेममध्ये वर जागा सोडा. मात्र सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या दिशेला मुळीच रोखू नका.