मामंजींचा पाइप

अगं, फोटो मोठा करून पाहिला. पाइप ब्रायरचा दिसतोय. भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते, तिचं लाकूड. आगीला दाद देत नाही, पाण्याला मात्र देतं. तेव्हा सासूबाई ‘सोड्यात उकळून काढ’ म्हणाल्या तर हो हो म्हण आणि करू नकोस.

नळी सावकाश फिरवत काढ. अडलीच तर थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेव, मग सुटते. वाटीतला काळा थर सगळा काढायचा नसतो. जाड असला तर तापल्यावर लाकडापेक्षा जास्त फुगतो आणि वाटी तडकते. पण मिलिमीटरभर राहिला तर लाकूड जळत नाही. सुरी नकोच. बोटाला पॉलिशपेपर गुंडाळून हलकं घास.

खरी घाण धूर जायच्या भोकात असते. मुलांच्या हस्तकलेचे रंगीत पाइप क्लीनर आणू नकोस, त्यांचे केस आत राहतात. त्यापेक्षा समईची लांब सुती वात बारीक तारेला पिळ, व्होडकात बुडव आणि आतून फिरव. पहिल्या वाती काळ्याकुट्ट निघतील. पांढरी निघेपर्यंत फिरवत राहा. सिल्वासात दुकानातून उघडपणे बाटली आणता येते हे बरं, पलीकडे वापीत दारूबंदी! दवाखान्याचं स्पिरिट नको, नळी तोंडात जाते. गॅस बंद ठेव. हातमोजे घाल, त्या चिकट्यात निकोटिन असतं आणि ते कातडीतूनही आत जातं.

नळी पिवळट-हिरवी पडलीय ना? गंधक घालून कडक केलेलं रबर ते, उन्हानं असं होतं. हजार नंबरचा आणि मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर ओला करून घास. गंधकाचा वास येईल, येऊ दे. लाकडावर कंपनीचा ठसा आहे तिथं मात्र पेपर लावायचा नाही, तो गेला की पाइप कुणाचा हेच कळत नाही. काठावर आपटल्याच्या खुणा आहेत, त्याही असू देत. मामंजींच्याच त्या. शेवटी मेण लावून फडक्यानं पूस. खायचं तेल नको, पुढे खवट होतं.

तुमच्याकडच्या पावसात डबीत कोंडू नकोस, बुरशी धरेल. कापडी पिशवी शिव.

आता फक्त तुला सांगते. पाइप लखलखला की आमचे जावई ‘एकदाच ओढून बघतो’ म्हणतील. धूर छातीत घेत नाही, तोंडातच घोळवतो, असं पाइपवाले सांगतात. तोंडाचा कॅन्सर तोंडातच होतो, बाई. पण तू भांडू नकोस. तंबाखू घरात येणार नाही एवढं सासूबाईंकडून वदवून घे. तुझं ते ऐकत नाहीत, आईचं ऐकतात.