मथळ्याचे अक्षर

नदीच्या घाटावर एक पाटी लावावयाची आहे. पाटीवर चारच शब्द हवेत : ‘येथे पाणी खोल आहे.’ गावातील दोन तरुणांनी हे काम अंगावर घेतले, असे समजा. पहिला मोठा हौशी. त्याने प्रत्येक अक्षराच्या टोकाला वेलबुट्टी काढली, शिरोरेषा लाटांसारखी नागमोडी केली आणि ‘ख’चे दोन भाग एकमेकांपासून दूर नेऊन त्यांच्यामध्ये एक मासा रंगविला. दुसऱ्याने जाड, सरळ आणि मोकळी अक्षरे काढली. त्यांत पाहण्यासारखे असे काहीच नव्हते. पहिली पाटी पाहून गावकऱ्यांनी चित्रकाराची वाहवा केली. परंतु परगावाहून आलेला, उन्हाने तापलेला एखादा मुलगा धावत येऊन पाण्यात उडी टाकण्याच्या बेतात असेल, तर त्याला ती पाटी वाचावयास कितीसा अवधी मिळणार? त्याला ‘खोल’ दिसणार नाही, ‘रवोल’ दिसेल. आणि हे ‘रवोल’ म्हणजे काय, याचा विचार करीत तो काठावर थांबेल, अशी आशा कोणी बाळगू नये.

दुसऱ्या पाटीपाशी तो थबकेल. अक्षरांची निवड ही केवळ शोभेची बाब नव्हे, ती अशी.

छापील मजकुरात अक्षरांच्या दोन जाती असतात. एक मजकुराची आणि दुसरी मथळ्याची. तुमच्या हातातील पुस्तकाचे बारीक अक्षर ही पहिली जात. ते पानामागून पान वाचावयाचे असते. म्हणून ते जितके निमूटपणे आपले काम करील तितके चांगले. वाचणाऱ्याचे लक्ष गोष्टीवर राहावे, अक्षरावर जाऊ नये. मथळ्याच्या अक्षराचे काम याच्या अगदी उलट असते. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्याने हाक मारावयाची असते. दोनचार शब्दांत त्याला विषय सांगावयाचा असतो आणि विषयाचा भाव डोळ्यांपुढे उभा करावयाचा असतो. मजकुराचे अक्षर म्हणजे रोजची भाजीभाकरी, तर मथळ्याचे अक्षर म्हणजे सणाचे पक्वान्न. पक्वान्न पानात थोडेच वाढतात.

रोमन लिपीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे आहेत. इंग्रजी वर्तमानपत्राला एखादा शब्द ठसवावयाचा झाला, तर तो सबंध मोठ्या अक्षरांत छापता येतो. देवनागरीत ही सोय नाही. ‘क’ हा सर्वत्र ‘क’च असतो. त्यामुळे मराठी मथळ्याला उठाव आणावयाचा, तर तो अक्षराच्या आकाराने, जाडीने आणि वळणानेच आणावा लागतो. इंग्रजी मथळ्यातील अक्षरे दूरदूर मांडून त्याला ऐसपैसपणा देता येतो. मराठीत तसे केले, की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द फुटलेल्या माळेसारखा विखुरतो. इंग्रजी मथळ्याच्या युक्त्या मराठीत जशाच्या तशा आणणाऱ्यांना हे बहुधा पाटी लागल्यावर उमगते.

पूर्वी मथळ्याच्या अक्षरांची फार चणचण असे. छापखान्यात अक्षरे शिशाच्या मिश्रधातूची ओतलेली असत. त्यांना खिळे म्हणत. खिळे हाताने एकेक उचलून जुळाऱ्याने ओळ जुळवावयाची, हा तेव्हाचा रिवाज. रोमन लिपीचे थोडक्या खिळ्यांत भागते. पण काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. जावजी दादाजी यांनी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले होते. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या सुबक अक्षरांची कीर्ती देशभर पसरली. तथापि, अशा कारखान्यांचा मुख्य भर ग्रंथांना लागणाऱ्या मजकुराच्या अक्षरांवर असे, हे साहजिकच होते. शेकडो खिळ्यांचा एक संच ओतणे हेच मोठे खर्चाचे काम. मग मथळ्यासाठी निरनिराळ्या वळणांचे मोठमोठे संच कोण ओतणार? जे दोनतीन मोठे संच छापखान्यात असत, त्यांतच लग्नपत्रिका, नाटकाची जाहिरात आणि शोकसभेची सूचना छापली जाई.

ही उणीव चित्रकारांच्या हाताने भरून काढली. महत्त्वाचा मथळा असला, की तो कागदावर हाताने काढावयाचा आणि त्यावरून जस्ताचा ठसा करून छापावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. या कलेत कमल शेडगे यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९३५ सालचा. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कलाविभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि मराठी नाटकांची, मासिकांची व पुस्तकांची असंख्य शीर्षके काढली. वर्तमानपत्रात नाटकाची जाहिरात आली, की नाव वाचण्यापूर्वीच ते नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी, हे अक्षराच्या वळणावरून कळावे, असे त्यांचे काम असे. ते २०२० साली निवर्तले. त्यांनी काढलेले शीर्षक त्या एकाच नाटकासाठी असे. दुसऱ्या नाटकाला दुसरे.

संगणक आला आणि खिळ्यांची जागा ‘फॉन्ट’ने घेतली. फॉन्ट म्हणजे एकाच वळणाच्या सर्व अक्षरांचा संगणकातील संच. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये अध्यापन केलेले अक्षरकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट घडविला. अनेकांना संगणकावर मराठीचे पहिले दर्शन त्यातूनच झाले. पण तो मजकुराचा. त्यानंतर मथळ्याचे फॉन्टही बरेच निघाले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा त्यांपैकी एक. नावाप्रमाणेच तो गुबगुबीत आहे. त्याच्या अक्षरांच्या पोटात पांढऱ्या जागेच्या केवळ चिरा उरल्या आहेत, तरीही अक्षर ओळखू येते. हे साधणे सोपे नाही. बालनाट्याच्या जाहिरातीला तो शोभून दिसेल. पण संबंध पाठ त्यात छापला, तर दिवसभर मोदकच खाल्ल्यासारखी वाचकाची अवस्था होईल. ‘यात्रा’ या फॉन्टचे वळण मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून घेतलेले आहे. ‘टेको’ हा अंगाने अरुंद. लांब नाव थोड्या जागेत बसवावयाचे असले, की तो उपयोगी पडतो. पूर्वी जी निवड चित्रकाराचा हात करीत असे, ती आता यादीवर बोट ठेवणाऱ्या कोणालाही करता येते. शाळेच्या भित्तिपत्रकाचा विद्यार्थी संपादकही ती करतो. आणि बोट ठेवणे सोपे झाले, म्हणून निवड सोपी झाली असे मात्र नाही.

या संपादकाला ‘शिशुवर्गाचे वार्षिक स्नेहसंमेलन’ असा मथळा द्यावयाचा आहे, असे धरू. तो यादी उघडतो. प्रत्येक फॉन्टपुढे नमुना म्हणून ‘क ख ग घ’ छापलेले असते. येथेच पहिली फसगत होते. सुटी अक्षरे कोणत्याही फॉन्टमध्ये बरी दिसतात. खरी परीक्षा होते ती आपल्या शब्दांत. म्हणून आपलाच मथळा त्या अक्षरांत लिहून पाहावा. ‘र्षि’ या अक्षरावर रफार आणि वेलांटी यांची गर्दी होते का? ‘स्ने’मधील अर्धा ‘स’ आणि ‘न’ नीट जुळले आहेत का? ‘सं’वरील अनुस्वार शिरोरेषेला चिकटून नाहीसा तर होत नाही? मथळा दोन ओळींत मांडला, तर वरच्या ओळीतील ‘शु’चा उकार थेट खालच्या ओळीतील ‘र्षि’च्या डोक्यात घुसतो. देवनागरीचे अक्षर वरही वाढते आणि खालीही वाढते. तेव्हा दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे किंवा शब्दांची मांडणी बदलावी. वेलांटी कापून टाकणे हा उपाय नव्हे. तोही काहीजण करतात.

काही मथळ्यांत शिरोरेषाच वगळलेली असते. अक्षर त्यामुळे हलके आणि नवे दिसते, हे खरे. परंतु ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील भेद बराचसा शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून आहे. ती काढली, की ‘धार’ची ‘घार’ आणि ‘भार’चा ‘मार’ होण्यास वेळ लागत नाही. अतिशय जाड अक्षरांतही हाच धोका असतो, कारण तेथे मधली पोकळी बुजते. ज्याला शिरोरेषा वगळावयाची आहे, त्याने निदान आपल्या मथळ्यात ही अक्षरे नाहीत ना, एवढे तरी पाहावे.

मराठीची म्हणून आणखी एक परीक्षा आहे आणि ती सोडून चालणार नाही. देवनागरी लिपी हिंदीची, नेपाळीची आणि मराठीचीही आहे. पण मराठीची काही वळणे तिची स्वतःची आहेत. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यातही हीच रूपे ठरविली. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘ऱ्या’मधील अर्धा ‘र’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. केवळ हिंदीकडे लक्ष देऊन केलेल्या काही फॉन्टांत हा अर्धा ‘र’ नीट उमटत नाही. अशा अक्षरांत ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असा मथळा दिला, तर सह्याद्रीला समुद्र फुटेल! अक्षर कितीही देखणे असो, ज्यात आपली भाषा धड लिहिता येत नाही ते टाकून द्यावे. येथे तडजोड नको.

आता भावाविषयी. बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड आणि बारीक रेषांचा जो खेळ दिसतो, तो जुन्या पोथ्यांची आठवण करून देतो. ऐतिहासिक विषयाला तो साजतो. गोल टोकांचे अक्षर बालिश आणि खेळकर वाटते. एकसारख्या जाडीचे, सरळ अक्षर सूचना, बातमी आणि शास्त्रीय विषय यांना योग्य. पण हा भाव सूचित व्हावा, ओरडून सांगितला जाऊ नये. ‘हिमालय’ लिहावयाचे म्हटले, की अक्षरांवर बर्फाचे ढीग रचावयाचे आणि ‘भूत’ लिहावयाचे म्हटले, की प्रत्येक कान्यातून रक्ताचे थेंब गाळावयाचे, ही सवय भित्तिपत्रकांत फार बोकाळलेली असते. शब्दाने जे सांगितले आहे, तेच अक्षराने पुन्हा का सांगावे? बर्फावाचूनही ‘हिमालय’ थंड वाटू शकतो.

एका पानावर मथळ्याचे एकच वळण घ्यावे आणि मजकुराला दुसरे, साधे. दोन्ही अक्षरे जवळजवळ सारखी पण किंचित निराळी असली, तर छापणाऱ्याची चूक झाली असे वाटते. म्हणून फरक करावयाचा तर स्पष्ट करावा. आकाराचे माप ‘पॉइंट’मध्ये सांगतात आणि ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. पुस्तकातील मजकूर बहुधा १० ते १४ पॉइंटांचा असतो. त्याखालोखाल १६ पॉइंटांचा मथळा दिला तर तो उठत नाही, तो निदान दुप्पट हवा. जागा भरून काढण्यासाठी संगणकावर अक्षर आडवे ताणण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्याने उभे दंड फुगतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच राहते, आणि अक्षरकाराने जपलेले प्रमाण बिघडून जाते. रुंद अक्षर हवे असेल तर मुळातच रुंद घडविलेले शोधावे. शिवाय काही फॉन्ट सर्वांना विनामूल्य वापरता येतात, तर काहींसाठी निर्मात्याची परवानगी लागते. तीही विचारून घ्यावी.

एवढे झाल्यावर मथळा छापून भिंतीवर लावावा आणि वीस पावले मागे जाऊन पाहावे. डोळे किंचित मिटून पाहावे. मग ज्याला मथळ्यातील शब्द ठाऊक नाहीत, अशा एखाद्या मित्राला बोलवावे आणि तो चालत असतानाच त्याच्याकडून वाचून घ्यावे. तो अडखळला, तर अक्षर कितीही आवडते असले तरी बदलावे. ज्याने मथळा लिहिला, त्याला तो पाठच असतो. त्याची साक्ष येथे उपयोगाची नाही.

अभ्यास

१. घाटावरील पहिल्या पाटीत कोणते दोष होते? ‘ख’ या अक्षराच्या बाबतीत काय घडले?

२. खिळ्यांच्या काळात मथळ्याच्या अक्षरांची चणचण का होती? ती कोणी व कशी भरून काढली?

३. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांसारख्या शब्दांची आणखी एक जोडी शोधा व दोन्ही शब्द वाक्यांत योजा.

४. ‘वृक्षारोपण’ हा मथळा तीन निरनिराळ्या वळणांत हाताने काढा. वर्गाच्या भिंतीवर लावून वीस पावलांवरून पाहा आणि कोणता निवडला व का, ते पाच ओळींत लिहा.