आपल्याच लाटेवर चढणारी होडी

मुंबईच्या गेटवेवरून मांडव्याला जायला नेहमीच्या लाँचला सुमारे एक तास लागतो. उघडी स्पीडबोट तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत तोडते. तुम्ही म्हणाल, तिचे इंजिन जोरदार असणार. विद्यार्थी मित्रांनो, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. लाँचला दुप्पट मोठे इंजिन बसवले, तरी ती स्पीडबोटीला गाठू शकणार नाही. असे का, ते आज पाहू.

होडी चालू लागली की तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पाणी उंचावते आणि लाट तयार होते. ही लाट होडीच्याच वेगाने तिच्याबरोबर चालते. खोल पाण्यातल्या लाटांचा एक नियम आहे : लाट जितकी लांब, तितकी ती वेगवान. तरंगलांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला १.२५ ने गुणा. लाटेचा वेग दर सेकंदाला इतके मीटर. होडीचा वेग वाढू लागला की तिची लाटही लांब होत जाते. अखेर तरंगलांबी होडीच्या लांबीइतकी होते. तेव्हा एक शिखर नाळेखाली आणि पुढचे शिखर होडीच्या मागच्या टोकाखाली येते. वेग याहून वाढवलात की हे दुसरे शिखर आणखी मागे सरकते, होडीचा मागचा भाग खळग्यात बसतो आणि नाळ वर उचलली जाते. होडीला आता स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढायचा असतो, आणि तो चढ तर तिच्याबरोबरच पुढे पळत असतो! यापुढे थोडासा वेग वाढवायलाही इंजिनाची शक्ती फार मोठ्या प्रमाणात वाढवावी लागते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतरच्या दशकात टॉर्की येथे लांबलचक हौदात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून याच गोष्टींचा पद्धतशीर अभ्यास केला. (शर्यतीच्या लांब, अरुंद वल्हवायच्या होड्या फारशी लाटच उठवत नाहीत. त्यांची गोष्ट निराळी.)

आता आकडे घालून पाहा. १६ मीटर लांबीच्या लाँचची ही मर्यादा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर येते. सहा मीटरच्या स्पीडबोटीची येते ताशी अवघी ११ किलोमीटर! पण स्पीडबोट तर ताशी ४५ किलोमीटरने सहज जाते. लाटेच्या मागे अडकूनच हा वेग गाठायचा, तर जहाज १०० मीटर लांब बांधावे लागेल. गणित तुम्हीच करून बघा.

मग स्पीडबोट काय करते? ती तो चढ पार करून लाटेच्या माथ्यावर येते आणि पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाते. तळ्याकाठी उभे राहून चपटा दगड पाण्यालगत फेकण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. दगड टप्पे घेत जातो, बुडत नाही. स्पीडबोटीचा तळही असाच किंचित तिरपा राहून पाण्याला खाली रेटतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी त्याला वर रेटते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला १२ मीटर वेगाने आलेले समुद्राचे पाणी पूर्ण अडवले, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ७४,००० न्यूटन दाब येतो. माणसांसकट हजार किलोग्रॅमच्या बोटीचे वजन साधारण १०,००० न्यूटन. म्हणजे या दाबाचा सातवा हिस्सा जरी एवढ्याशा तळावर वर रेटण्याच्या कामी आला, तरी बोट उचलली जाईल.

येथेच ती उघडी का असते, याचे उत्तर मिळते. छप्पर, खोली, बाके वाढवा, की वजन वाढले. वजन वाढले, की चढ पार होत नाही. सहाजणांच्या बोटीत दहाजण बसले, तर ती नाळ वर करून, मागे पाण्याचा मोठा ढीग ओढत, इंधन पीत रखडते. अशा वेळी बोटवाला मागच्या दोघांना पुढे सरकायला सांगतो. ती त्याची लहर नव्हे. मागचे ओझे कमी होऊन नाळ खाली यावी, म्हणून तो तसे सांगतो.

आणि गंमत म्हणाल, तर तिचेही गणित आहे. लाँचच्या कठड्याशी तुमचा डोळा पाण्यापासून समजा तीन मीटर उंच असतो, स्पीडबोटीत एकच मीटर. जवळचे पाणी डोळ्यासमोरून किती झपाट्याने सरकते, हे वेग भागिले उंची यावर ठरते. बोटीचा वेग लाँचच्या अडीचपटच, पण पाणी साडेसातपट झपाट्याने पळताना दिसते. वारा आणि तुषार यांची भर निराळीच.

पण समुद्र सपाट नसतो. समजा, बोट लाटेवरून उसळून अर्धा मीटर खाली आदळली. सपाट तळ पाच सेंटिमीटरांतच थांबला, तर तुमच्या मणक्यांना गुरुत्वीय त्वरणाच्या सरासरी दहापट मंदन सोसावे लागेल. तोच तळ व्ही अक्षरासारखा टोकदार असेल आणि २५ सेंटिमीटर पाण्यात शिरून थांबेल, तर दुप्पटच. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तोच हा न्याय. रे हंट या अमेरिकन आरेखकाने तळाचा हा व्ही आकार थेट मागच्या टोकापर्यंत खोल ठेवला. १९६० साली मायामी ते नासाऊ या शर्यतीत त्याची ‘मॉपी’ ही बोट खवळलेल्या समुद्रातून पहिली आली, आणि मग जगभर अशा बोटी निघाल्या. किंमत मात्र मोजावी लागतेच. व्ही तळ पाण्याला काहीसे बाजूला ढकलतो, त्यामुळे त्याच वेगाला जास्त शक्ती लागते. शिवाय उभी असताना अशी बोट सपाट तळाच्या बोटीहून अधिक डुलते. सर्व गुण एका तळात बसवणारा कारागीर अजून जन्मलेला नाही!

उघड्या बोटीत पाणी शिरले तर? १९५८ साली आलेल्या ‘बोस्टन व्हेलर’ या चार मीटरच्या बोटीत काचतंतूंच्या दोन कवचांमध्ये हलका फेस भरला होता. जाहिरातीसाठी ती मधोमध करवतीने कापली, तरी तिचा अर्धा भाग इंजिनासह तरंगत चालला. आर्किमिडीजला हे पाहून नवल वाटले नसते. सगळ्याच बोटींत असा फेस नसतो, म्हणून जीवरक्षक जाकीट मांडीवर न ठेवता अंगात घालून बांधायचे.

पावसाळ्यात मात्र आपल्या किनाऱ्यावर या बोटी बंद असतात, आणि ते योग्यच आहे. इतर दिवसांत बसायची वेळ आली, तर मागच्या बाजूला जागा धरा; उसळी नाळेपाशी सर्वांत जास्त असते. पाठीचे दुखणे असलेल्या आजी-आजोबांना तर पुढे बसूच देऊ नका. आणि धक्क्यावर उभे असाल, तर सुटणाऱ्या बोटीकडे नीट पाहा. नाळ आधी वर जाईल, क्षणभर समोरचे काही दिसेनासे होईल, मग ती खाली येईल आणि इंजिनाचा आवाज मोकळा होईल. त्या क्षणी मागच्या लाटेकडे बघा : ती एकदम लहान झालेली दिसेल.